हापूसच्या कोयीला हापूस का लागत नाही?

रत्नागिरी,
१२ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परसात तू रुजवलेल्या हापूसच्या कोयीला दहा वर्षांनी फळ धरले आणि ते आंबट, रेषाळ निघाले, हे वाचून मलाही वाईट वाटले. पण कोय अस्सल हापूसची नसावी, हा तुझा तर्क मला पटत नाही.

आंब्याच्या पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारे ४० धागे, म्हणजे गुणसूत्रे असतात, त्यांच्या २० जोड्या. फांदी वाढते तेव्हा होणाऱ्या सूत्री विभाजनात या सगळ्यांची हुबेहूब प्रत दोन्ही नव्या पेशींना मिळते; म्हणूनच हापूसच्या काडीचे कलम बांधले की त्याला हापूसच लागतो. मोहोरात अंडपेशी आणि परागकण घडताना मात्र अर्धसूत्री विभाजन होते. त्यात जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात, आपापले काही तुकडे बदलून घेतात आणि मग वेगळी होतात. कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र कोणत्या पेशीत जाईल, हे ठरलेले नसते. तुकड्यांची अदलाबदल सोडून दिली, तरी नुसत्या या वाटणीतून १०,४८,५७६ प्रकारचे संच निघू शकतात. परागाकडूनही तितकेच संभवतात, आणि दोहोंच्या मीलनातून होणाऱ्या जुळण्या एक लाख कोटींच्या वर जातात! हापूसचा स्वाद ज्या एका जुळणीतून आला, ती पुन्हा तुझ्याच परसात जुळावी, ही अपेक्षा फार मोठी होती.

आपली फसगत होते ती गरामुळे. गर आणि साल आईच्या झाडाची असतात, त्यामुळे माशीने पराग कुठलाही आणला तरी फळ हापूसच राहते. नवा जीव असतो तो फक्त कोयीच्या आत. (केरळातील ओलूरसारख्या काही जातींच्या कोयीत आईच्याच पेशींपासून जादा अंकुर फुटतात आणि ती रोपे आईसारखी निघतात, हापूसला ती सोय नाही.)

याच उलथापालथीतून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ दिला, ज्याच्या फळात हापूससारखा साका (गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होत नाही. आपले सारे रायवळ आंबेही असेच कोयीतून आलेले, म्हणून एकाची चव दुसऱ्याला नाही.

तेव्हा झाड तोडू नकोस. पावसाळ्यात मी हापूसच्या काड्या घेऊन येतो. एका फांदीवर कलम बांधू, बाकीचे झाड तसेच राहू दे. चैत्रात त्याच्या कैऱ्या मात्र मला पाठव, लोणच्याला असेच आंबट फळ लागते.

तुझा,
वसंत