गुडघा दुखतो म्हणून खुबा बघा

मा. संपादक, सनविवि.

आपल्याकडे दहा-पंधरा वर्षांचं पोर लंगडायला लागलं की ठरलेली उत्तरं असतात, खेळताना लचकला असेल, वाढीचं दुखणं आहे, तेल लावून चोळा नाहीतर हाड बसवणाऱ्याकडे न्या. माझ्या भाच्याचं हेच झालं. गुहागरकडे राहतो, तेरा वर्षांचा, अंगाने जाडा. गुडघा दुखतो म्हणायचा, गुडघ्याचा एक्स-रे काढला तर नॉर्मल, मग जेल आणि क्रेप बँडेज. पण चालताना त्याचं उजवं पाऊल बाहेर वळलेलं असायचं आणि ओटीवर उताणा झोपवून गुडघा पोटाकडे दुमडला की तो सरळ न येता बाहेरच जायचा. शेवटी रत्नागिरीला एका डॉक्टरांनी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगितला, एक सरळ आणि एक पाय बेडकासारखे ठेवून, तेव्हा कळलं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, वाढ व्हायच्या कूर्चेपाशी, तिरकी टोपी सरकावी तसा सरकतो. डॉक्टर याला एससीएफई म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त, वजनदार असतील तर आणखी, थायरॉईड कमी असलं तरी होतं. दुखणं खुब्यातलं पण जाणवतं गुडघ्यात, कारण दोन्हीकडे जाणारी नस एकच, फसवाफसवी इथेच होते!

अशा पायाला चोळणं, ओढणं म्हणजे उलटंच. संशय आला की चालणं बंद, त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर. कुबड्या घेऊनही पाय टेकवत नसेल तर थेट इमर्जन्सी, गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. वेळेत कळलं तर एका स्क्रूवर भागतं, मात्र दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवावं लागतं. चार ते आठ वर्षांच्या पोराचं लंगडणं वेगळं, तिथे पर्थीज, म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडून तो कमकुवत होण्याचा आजार, असू शकतो, खाली कर्नाटकात उडुपीकडच्या किनाऱ्यावर तो बराच दिसतो असं तिकडच्या डॉक्टरांनीच नोंदवलंय.

आता मुद्दा. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, डोळे, दात, वजन बघतात, चांगलंच आहे. त्याच रांगेत पोरांना पाच पावलं अनवाणी चालवून बघायला काय जातंय? लंगडणारा दिसला तर चिठ्ठीवर 'गुडघा' नको, 'खुबा आणि गुडघा, दोन्हींचा एक्स-रे' असं लिहा. पीटीच्या सरांनाही हे सांगून ठेवा, धावताना पोरं रोज त्यांनाच दिसतात.

— एक वाचक, गुहागर