रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला ओंडका बांधू नका

मा. संपादक, नमस्कार.

परतीचा पाऊस लांबला की दरवर्षी तेच, काळं रान वाफशाला आलेलं नसतं पण उसाची तोड आली म्हणून टोळी फडात शिरते आणि भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर पाणंदीला लागायच्या आधीच एक्सलपर्यंत बसतो. मग कुणीतरी ओंडका आणतं, साखळीनं मागच्या दोन्ही चाकांना आडवा आवळतं आणि ड्रायव्हरला सांगतं, दे रेस!

गेल्या हंगामात आमच्याच रानात हे झालं. ओंडका चाकाबरोबर खाली जाऊन चिखलात अडकला आणि पुढची चाकं उचलली. ड्रायव्हरनं क्लच दाबला म्हणून वाचला बिचारा. मागच्या चाकाला फिरायलाच जागा नसली की इंजिनची ताकद सगळं धूड एक्सलभोवती मागं उलटवते, दीड-दोन सेकंदांत स्टिअरिंग छातीवर. टोचन (ओढायची साखळी) पण हुकाला खालीच लावायचं, वर टॉपलिंकला (मागच्या वरच्या जोडदांड्याला) बांधलं की हाच प्रकार होतो.

माझा चुलतभाऊ सैन्यात ड्रायव्हर होता, काश्मीर-लडाखमधल्या झोजिला खिंडीत साडेअकरा हजार फुटांवर बर्फात गाडीच्या चाकाला चेन घालायचे म्हणतो. तशी शिडीसारखी चेन ट्रॅक्टरला पण येते, आडव्या कड्या चिखल धरतात पण चाक मोकळं फिरतं, फरक आहे तो एवढाच. मात्र घालायची ती रुतायच्या आधी, दोन्ही मागच्या चाकांना, मडगार्डला घासत नाही ना बघून, आणि चार पावलं चालवून परत आवळायची कारण पहिल्यांदा ती ढिली पडतेच. डांबरी लागली की काढायची, नाहीतर रस्ता पण जातो आणि टायर पण. केजव्हील (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) लावून गावातनं फिरणाऱ्यांना हे कोण सांगणार म्हणा!

चेन नसेल तर निदान वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून टायरमध्ये पाणी भरा (साधारण 75 टक्के भरतं), डिफ लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) वापरा, आणि रुतलाच तर आधी ट्रॉली सोडा. ऊस उतरायचा कंटाळा म्हणून माणूस घालवायचा का?

आमच्या तालुक्यात स्पेअरच्या तीन दुकानांत चेन विचारली, तिघांनीही ट्रॉलीची साखळी दाखवली. कारखान्यांनी गट ऑफिसला चार-दोन जोड्या भाड्यानं ठेवल्या तर हंगामापुरत्या आम्ही नेऊ, भाडं बिलातनं कापा.

– एक ऊस उत्पादक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर