आई-बाबा, बोटीचं तिकीट काढलंय

रॉटरडॅम

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

महत्त्वाचं आधी सांगते. लंडनहून माझ्याकडे यायला तुमचं विमानाचं तिकीट काढलेलं नाही. लिव्हरपूल स्ट्रीटवरून संध्याकाळची आगगाडी, हार्विचहून रात्री अकराची बोट आणि सकाळी आठला हूक ऑफ हॉलंड. पैसे भरून झालेत. आई, पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

विमान नाही ते बाबांच्या कानामुळे. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही लपवलंत, पण दादानं सांगितलं. मुंबई-लंडन झाल्यावर लगेच दुसरं विमान नकोच. समुद्राखालून येणारी रेल्वेही पाहिली, सव्वातीन तासांत थेट इथे आणते. पण तो बोगदा पन्नास किलोमीटरचा आहे, आणि बोरघाटातल्या त्या रात्रीनंतर बाबा बोगद्यात कसे गप्प होतात ते आपण पाहिलंय. शिवाय बसून बसून तुझी कंबर धरते. बोटीत रात्रभर आडवं होता येतं.

राहिली तुझी भीती. आजीच्या तोंडून रामदास बोटीबद्दल ऐकतच आपण वाढलो. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेवर माणसं गेली. तुझ्या माहेरी अजून त्या तारखेला कोणी पाण्यावर जात नाही. म्हणून ‘काही होत नाही गं’ असं मी म्हणणार नाही. तुम्हाला पाठवायच्या आधी मी स्वतः या बोटीनं जाऊन आले. २४० मीटर लांब आहे. रात्री मुद्दाम भिंतीला हात लावून पाहिला, तर पिठाच्या गिरणीशेजारच्या भिंतीसारखी बारीक थरथर तेवढी लागत होती. वादळ मोठं असलं तर फेरी रद्द करतात. तसं झालं तर दादाकडे राहा, मी दुसरं तिकीट काढीन. बोट लागेल असं वाटलं तर अ‍ॅवोमिन घे, पण तुझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालते का ते डॉक्टरांना आधी विचार. आलेपाक घेच.

केबिन चौघांची घेतली आहे, दोघांसाठीच. म्हणजे दोन्ही बिछाने खालचे मिळतील, वर कोणी चढायचं नाही. किती पडले ते विचारू नका. संडास-बाथरूम आतच आहे, गरम पाणी आहे. फक्त बाथरूमचा उंबरठा उंच आहे, तेव्हा रात्री दिवा लावल्याशिवाय उठायचं नाही, दोघांनीही. थर्मास दादाकडून भरून घ्या.

न्यायला मीच यायला हवं होतं. रजा मिळाली नाही, आणि बाबा म्हणाले, ‘मला पोचवायला कोणी नको.’ ते मला पटलंही. गणपतीला गावी जाताना एसटीत माझं डोकं आईच्या मांडीवर, पाय बाबांच्या, आणि पनवेल ते महाड तुम्ही दोघं हललासुद्धा नाहीत. मला तेव्हा वाटायचं, बाबांना सगळे रस्ते माहीत आहेत. अजूनही वाटतं. दादा हार्विचच्या चेक-इनपर्यंत येईल. स्टेशन बंदराला लागूनच आहे. वाटेत मॅनिंगट्रीला गाडी बदलावी लागली तर बॅगा त्याला उचलू द्या.

बाबा, लिव्हरपूल स्ट्रीटला जरा लवकर पोचा. नाझींच्या तावडीतून सुटलेली ज्यू मुलं याच वाटेनं, हूकहून हार्विचला गेली. पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ला पोचली. आईबापांनी एकटीच पाठवलेली मुलं. त्यांचा पुतळा त्या स्टेशनवर आहे आणि इकडे हूकलाही आहे. तुम्ही वर्गात शिकवायचात ते आठवत होते मी तिथे उभी राहून.

आता नीट ऐका. आई, साजूक तूप आणि पेढे लंडनलाच ठेव. ब्रिटनमधून इकडे दुधाचं काही आणू देत नाहीत, काढून टाकतात. वाया जाणार नाही, वहिनीला तुझं तूप आवडतं. मेतकूट, भाजणी खुशाल आण. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बोट गाठायची म्हणून संध्याकाळची गोळी चुकवायची नाही. घड्याळ रात्रीच एक तास पुढे करा, नाहीतर सकाळी चहाआधी घाई होईल. पासपोर्ट तपासल्यावर बाहेर या, मी दारातच असेन. मेट्रो समोरच आहे, पण तुमच्यासाठी टॅक्सी सांगितली आहे.

ब्रिटनच्या व्हिसावर इकडे येता येत नाही आणि तिथे पाहुणे असताना इकडच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज करता येत नाही, तेव्हा तो निघायच्या आधी मुंबईतच. विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. इथल्या पालिकेत सही प्रमाणित केलेलं माझं हमीपत्र या पाकिटात आहे. तेच मूळ आहे. बाबा, त्याला पंच मारू नका, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घाला आणि पाकीट मिळालं की लगेच फोन करा.

तुमची,
मनू