'नस दबली' म्हणजे काय दबले?

संपादक महोदय,

'नस' हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो आणि चेतेलाही (संवेदना आणि आज्ञा वाहून नेणारी नर्व्ह). माझी करंगळी बधिर झाली तेव्हा घरचे सगळे 'रक्त पोचत नाही' म्हणत हात चोळत बसले. दबली होती कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी चेता. कोपर आपटल्यावर झिणझिणते तीच. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू, एवढ्याच भागात मुंग्या. अनामिकेची दुसरी बाजू शाबूत! या हद्दीवरूनच डॉक्टरांनी चेता ओळखली.

मेंदूतून 12 आणि मेरुरज्जूतून (पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून) 31 जोड्या चेता निघतात, हे मी 30 वर्षे शिकवले. मेरुचेतेच्या मागच्या मुळातून संवेदना आत येते, पुढच्या मुळातून स्नायूंना आज्ञा जाते. लगेच दोन्ही मुळे एकाच चेतेत मिसळतात. त्यामुळे बधिरपणाबरोबर माझी पकडही ढिली झाली.

आपल्या आरोग्य पुरवणीत कृपया 'चेता' आणि 'रक्तवाहिनी' असे वेगळे शब्द छापा. आणि वाचकांनो, डॉक्टरांकडे जाताना 'हात बधिर झाला' एवढेच सांगू नका. कोणते बोट, कोणती बाजू, तेही सांगा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका