‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणजे कुठली परीक्षा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की पुरवण्यांमधून केकच्या कृती, सांताक्लॉजच्या टोप्या आणि रोषणाईचे फोटो येतात. येऊ द्यात, केक आम्हालाही आवडतो. पण मराठी ख्रिस्ती घरात तीन ते आठ वर्षांच्या मुलाला श्रद्धा शिकवायची म्हणजे नेमके करायचे काय, यावर चार ओळीही कुठे दिसत नाहीत. आम्ही शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात, शिकवणारी माणसे. रविवारचा पाऊण तास आमच्याकडे, बाकीचा आठवडा घराचा. हे काम घरच्या बोलीत आणि घरातल्याच वस्तू हाताशी घेऊन रोज दहा मिनिटांत होते. ते सगळे रविवारवर ढकलले की पाठांतर तेवढे उरते, अर्थ हाती लागत नाही.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थनाच घ्या. चार वर्षांचे मूल ती घडाघडा म्हणून दाखवते आणि पाहुणे कौतुक करतात. त्याच मुलाला विचारा, ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस’ म्हणजे काय? ‘शाळेत पेपर नको’, हे उत्तर ठरलेले. मूल चुकलेले नसते. त्याला परीक्षा हा शब्द तेवढ्याच अर्थाने माहीत असतो. ‘ऋण’ तर त्याने कधी ऐकलेलेच नसते. त्यामुळे ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे वाक्य हमखास ‘रुणुझुणु’च्या चालीवर जाते.

यावर उपाय असा की आठवड्याला एकच वाक्य घ्यायचे. प्रार्थना रोज पूर्णच म्हणायची, पण बोलायचे त्या एका वाक्यावर. ‘रोजची भाकर’ सकाळी डबा भरताना. आजचा डबा आज, उद्याचा उद्या. महिन्याचे डबे आपण एकदम भरून ठेवत नाही, एवढे दाखवले की ‘रोजची’ हा शब्द त्याला कळतो. ऋणासाठी वाण्याकडची उधारी पुरते: वहीत लिहिलेले पैसे दुकानदाराने काट मारून सोडून दिले, तर ते ऋण सोडणे. मग बहिणीने खेळणे मोडले त्या दिवशी विचारायचे, वहीत लिहून ठेवायचे की काट मारायची? परीक्षेच्या वाक्याला ‘चुकीचे करावेसे वाटेल अशा जागी मला एकट्याला सोडू नकोस’ इतके साधे मराठी चालते. शास्त्रातले शब्द बदलू नका, फक्त शेजारी घरचे शब्द ठेवा. पंथापंथांत या प्रार्थनेचे शब्द थोडे वेगळे आहेत. आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) चालतात तेच घ्या, नाहीतर रविवारी मूल गोंधळते.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. शाळेत ‘आवर फादर’, घरी आजीची मराठी प्रार्थना, आणि दोन्ही पाठ असूनही ती एकच आहे हे मुलाला ठाऊक नसते. दोन्ही शिकवा, पण स्वतःच्या मनातले देवाशी बोलायचे ते घरच्या भाषेत. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये धर्मशिक्षणाची आपली लहान प्रश्नोत्तरी काढली, तिच्या मुख्य भागांच्या मथळ्यात लिहिले आहे की हे कुटुंबप्रमुखाने घरातल्यांना सोपे करून शिकवावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत बांधली आणि ती १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापली गेली. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि भजने रचली. एवढे सगळे हाताशी असताना मुलाला झोपवताना मोबाइलवर इंग्रजी कार्टून लावून देणे म्हणजे घरी विहीर असताना टँकर मागवण्यातला प्रकार.

वेळ कुठून आणायचा, ही पालकांची नेहमीची तक्रार. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात चार वेळा सांगितल्याच आहेत: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. आजच्या घरात ‘मार्गाने’ म्हणजे शाळेत सोडतानाची स्कूटर, आणि तिथेच मूल सर्वांत मोकळे बोलते, कारण आईचे तोंड पुढे असते. उठताना एक वाक्य पुरे. निजताना गोष्ट आणि प्रार्थना मिळून दहा मिनिटे. तीन-चार वर्षांचे मूल पाच मिनिटांवर एका जागी टिकत नाही, म्हणून कौटुंबिक प्रार्थनेत आधी त्याला बोलू द्यावे आणि मग आजोबांनी हवी तेवढी लांब प्रार्थना करावी. उलट क्रम ठेवला की ते डोळे मिटून झोपते आणि आपण त्याला भक्ती समजतो.

मुलाच्या स्वतःच्या प्रार्थनेत पहिले दोन-तीन आठवडे फक्त आभार असावेत. कशाचेही: कुत्र्याचे, शेवयांच्या खिरीचे, लाइट परत आली त्याचे. मागणे नंतर, आणि क्षमा त्याच्याही नंतर. ‘देवाला सॉरी म्हण’ हे मारामारीनंतर लगेच म्हणवून घेतले की प्रार्थना ही शिक्षा ठरते. ‘देव बघतोय हं’ हे वाक्य तर घरातून हद्दपारच करावे. देवाला सीसीटीव्ही करून ठेवला की मूल त्याच्याशी बोलत नाही, त्याच्यापासून लपते.

पाठांतराला आठवड्याला बायबलमधले एक वचन, तेही लहानांना आठ-दहा शब्दांचे. सोमवारी मोठ्यांनी म्हणायचे आणि शेवटचा शब्द मुलाने. बुधवारपर्यंत शेवटचे तीन. शुक्रवारी मोठ्यांनी मध्येच चुकीचा शब्द घालायचा आणि मुलाने पकडायचा; यात त्याला जी मजा येते ती चॉकलेटने येत नाही. अध्याय-ओवीचे आकडे सात वर्षांनंतर. बक्षिसासाठी रविवारी पाठ केलेले वचन बुधवारी गेलेले असते, म्हणून चार आठवड्यांनी तेच परत काढावे. वर्षाला वीस वचने मुरली तरी भरपूर.

‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र सुरुवातीला घ्यावे, सहाच ओव्या आहेत. त्यातली ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ ही ओळ मात्र अडते. शहरातल्या मुलाला आकडी म्हणजे फिट येणे एवढेच माहीत. शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी दाखवा: काठी लांडग्याला हाणायला, आकडी खड्ड्यात पडलेले कोकरू ओढून घ्यायला. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरतात. रस्त्यात कळप आडवा आला तर हॉर्न न वाजवता गाडी बंद करून पाच मिनिटे मुलाला बघू द्यावे. धनगर तोंडाने विशिष्ट आवाज काढतो आणि मेंढरे वळतात, हे एकदा पाहिलेल्या मुलाला ‘मेंढरे त्याची वाणी ओळखतात’ हे समजावून सांगावे लागत नाही.

येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, गॅलरीत करून दाखवता येतो. चार करवंट्या किंवा आइस्क्रीमचे डबे घ्या. पहिल्यात माती मुठीने ठोकून घट्ट करा. दुसऱ्यात खडे भरून वर बोटाच्या पेराएवढीसुद्धा होणार नाही इतकी माती. तिसऱ्यात आधीच गवत माजलेली माती, चौथ्यात शेणखत घातलेली भुसभुशीत. प्रत्येकात चिमूटभर मेथी, वरून टाकायची, खुपसायची नाही. पाणी सकाळी एकदाच आणि सर्वांना सारखे. खड्यांच्या डब्यातही मेथी झटकन उगवते आणि मूल टाळ्या पिटते. मग उन्हाने ती माना टाकते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तेच आहे: लगेच उगवले, मूळ नव्हते म्हणून करपले. इथे चूक ठरलेली असते. घरातल्या कुणालातरी दया येते, दुपारी गुपचूप पाणी घातले जाते, आणि खडकाळ जमिनीवर उत्तम पीक येते! आठ-दहा दिवस सर्वांनी हात आवरावा.

गोष्टी सांगताना शास्त्रात नाही ते घुसडू नये, कारण नंतर ते काढणे फार कठीण जाते. एदेन बागेतले फळ सफरचंद होते असे उत्पत्तीत कुठेही नाही. योनाला गिळले ते ‘मोठ्या माशाने’. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असे मत्तय म्हणत नाही. दाने तीन आहेत एवढेच. आणि ते गोठ्यात नव्हे, घरात आले. नाताळचा गोठा मांडताना म्हणूनच मागींच्या मूर्ती पहिल्या दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवाव्यात, रोज वीतभर पुढे सरकवाव्यात आणि ६ जानेवारीला पोचवाव्यात. बाळाची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी. नाताळाआधीच्या चार रविवारच्या मेणबत्त्यांपेक्षाही मुलाला ही रिकामी जागा जास्त समजते.

मरणाबद्दल बोलताना आपल्या मंडळीची भाषा घात करते. ‘आजी प्रभूत निजली’ हे मोठ्यांना सुंदर वाटते, पण पाच वर्षांचे मूल त्या रात्रीपासून झोपायला घाबरते. ‘देवाने नेले’ म्हटले तर उद्या आईला नेईल का, हा प्रश्न पोटात राहतो. आजी वारली, तिचे शरीर थांबले, आता तिला दुखत नाही, ती प्रभूजवळ आहे आणि आपण तिला पुन्हा भेटू: याच क्रमाने, याच साध्या शब्दांत सांगावे. वधस्तंभाचेही तसेच. गुड फ्रायडेची, येशूच्या मरणाची, गोष्ट शुक्रवारवर सोडून मुलाला झोपवू नये. तिसऱ्या दिवशी काय झाले ते त्याच बैठकीत यायला हवे. त्या दिवशीच्या दुपारी बारा ते तीनच्या उपासनेला लहानांना पूर्ण वेळ बसवण्यात अर्थ नाही, आणि सहाच्या आतल्यांना टीव्हीवरचे रक्तबंबाळ चित्रपट अजिबात नकोत. ‘यहुद्यांनी मारले’ असेही शिकवू नका. येशू, मरिया आणि सगळे प्रेषित यहुदीच होते.

शेजारून गणपतीचा प्रसाद आला तर काय, हे आईबाबांनी आधी आपसात ठरवून ठेवावे. घराघरांत उत्तर वेगळे आहे. जे ठरेल ते दारात, शेजारणीसमोर, मुलाच्या कानात कुजबुजून सांगायचे नसते. आणि दार लावल्यावर तिच्या देवाची टिंगल तर मुळीच नको.

कॅथलिक घरांतल्या जपमाळेचीही वेळेचीच अडचण. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांना, वीसेक मिनिटे लागतात; लहान मुलाने एकच दशक म्हणावे, दहा मणी त्याने स्वतः सरकवावेत आणि उठून जावे.

या आठवड्यात काहीच तयारी नसेल तर लूकच्या पंधराव्या अध्यायातले हरवलेले नाणे घ्या. एक रुपयाची दहा नाणी मुलाकडून मोजून घ्या, त्याच्या नकळत एक दिवाणाखाली सरकवा. लाइट बंद करा, हातात टॉर्च द्या आणि केरसुणी. ‘नऊ आहेत ना, जाऊ दे’ असे एकदा म्हणून बघा, ते ऐकणार नाही. नाणे सापडल्यावर दाखल्यातल्या बाईने मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावले होते. तेव्हा चहाचे आधण जरा जास्तच ठेवा.

आपल्या,
शब्बाथ शाळेच्या काही शिक्षिका व शिक्षक,
अहिल्यानगर