तक्रारअर्ज म्हणजे बदनामी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेशन दुकानात धान्य कमी मिळते म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला, की हल्ली आठ-पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस येते. ‘बिनशर्त लेखी माफी मागावी, अन्यथा आमचे अशील दिवाणी व फौजदारी कारवाई करतील आणि सदर नोटिशीचा खर्चही तुमच्यावर राहील.’ मग अर्ज गुपचूप मागे घेतला जातो. मी तालुका कोर्टात लिपिक होतो, त्यामुळे असे कागद घेऊन लोक अजूनही दारात येतात.

त्यांना मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला आठवा अपवाद दाखवतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्यावर त्या बाबतीत कायदेशीर अधिकार असलेल्याकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामीत मोडत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्येही हे होतेच. मात्र त्याच अर्जाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की या अपवादाचा आधार उरत नाही. (पोच घ्या आणि गप्प बसा, असे कितीदा सांगितले तरी मंडळींना राहवत नाही!)

आमदारांचे बरे असते. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी घटनेच्या कलम १९४ मुळे त्यांना कोर्टात खेचता येत नाही. त्याची खरी बातमी देणाऱ्यालाही संरक्षण आहे, पण ते मिळेपर्यंत काय होते पाहा. सरकारी निधीतील अपहाराबाबत मंत्र्यांनी विधानसभेत सांगितलेली नावे ‘लोकमत’ने छापली, म्हणून संपादकांवर फिर्याद झाली. बातमी १९८४ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९८ चा.

वर्तमानपत्राला हे झेपते. शेतमजुराला नाही. सद्भावना त्यानेच सिद्ध करायची, तीही प्रोसेस इश्यू होऊन (म्हणजे कोर्टाचे समन्स निघून) तारखा सुरू झाल्यावर. फौजदारी बदनामी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, त्यामुळे कलम जाणार नाही. पण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ ने, एक वाट उघडली आहे. खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधीच दंडाधिकाऱ्यांनी आता आरोपीचे म्हणणे ऐकायचे आहे. त्याच सुनावणीत अर्जाची पोच बघावी. अर्ज योग्य अधिकाऱ्याकडेच गेला असेल आणि जाणूनबुजून खोटेपणा दिसत नसेल, तर फिर्याद तिथेच निकाली काढावी. उच्च न्यायालयाने तसे परिपत्रक काढले तर फार बरे होईल.

आणि तहसील कार्यालयाने ‘अर्जदाराने अर्ज मागे घेतला’ एवढा शेरा मारून फाइल बंद करू नये. दुकानाचे साठा रजिस्टर आणि ई-पॉसच्या (धान्यवाटपाच्या यंत्राच्या) नोंदी तपासायला अर्जदार लागत नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक