सूचना : कुंपणालगत लावायची सदाहरित देशी झाडे

सर्व सभासदांना नमस्कार,

पहिला दमदार पाऊस झाला की मागच्या कुंपणालगत लागवड करायची आहे. झाडांची नावे रविवारपर्यंत कळवावीत. गुलमोहर कृपया सुचवू नये. तो मूळचा मादागास्करचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा नुसता सांगाडा उरतो. आपल्याला बारमाही हिरवी, इथल्या मातीतली झाडे हवीत.

माझा पहिला आग्रह सीता अशोकाचा. नर्सरीत नुसते ‘अशोक’ म्हटले की सरळसोट आसुपालव हातात देतात, तेव्हा नाव पूर्ण सांगा. सीता अशोकाची कोवळी पालवी तांबूस, मऊ, खाली लोंबणारी असते. फुलांचे केशरी गुच्छ तर जुन्या फांद्यांवर, खोडावरसुद्धा येतात. त्याला थोडी सावली मानवते, म्हणून तो इमारतीच्या आडोशाला लावू.

उन्हाच्या बाजूला बकुळ. तिची फुले सुकली तरी वास जात नाही. ड्युरांटा या परदेशी झुडपाऐवजी कुंतीचे, म्हणजे कामिनीचे, कुंपण करू. जागा उरलीच तर अंजन, महाबळेश्वरला फांद्यांना चिकटून निळी फुले दिसतात तेच.

पहिले दोन उन्हाळे रोपांना पाणी घालावे लागेल. त्या पाळीसाठीही नावे द्यावीत, ही मनापासून विनंती.

बाग समितीकरिता,
सचिव